कुवेतची ठेव आणि कुवेतची मिळकत

कुवेत सरकारच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात उत्पन्न १८.२ अब्ज दिनार आणि खर्च २४.५ अब्ज दिनार धरलेला आहे. तूट ६.३ अब्जांची. खर्च होणाऱ्या दर चार दिनारांतल्या एकाला जमेच्या बाजूला जोडीदारच नाही. याच देशाच्या नावावर परदेशांत १ लाख कोटी डॉलरच्या आसपास गुंतवणूक असावी, असा जाणकारांचा अंदाज आहे. अंदाजावर भागवावे लागते, कारण कुवेत गुंतवणूक प्राधिकरणाचे आकडे बाहेर फोडायला १९८२ च्या कायद्याने बंदी आहे. या गुंतवणुकीचे दरसालचे उत्पन्न सरकार अर्थसंकल्पात धरतच नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आपल्या हिशेबात ते धरतो आणि तिथे तुटीच्या जागी घसघशीत शिल्लक दिसू लागते. देश तोच, वर्ष तेच. एका वहीत तो ओढग्रस्त गृहस्थ आहे आणि दुसऱ्या वहीत सावकार.

दोन्ही वह्या खऱ्या आहेत. म्हणून कुवेतची प्रकृती शेजाऱ्यांच्या मानाने बरी की वाईट, हे ठरवण्याआधी कोणत्या गोष्टीची तुलना करतो आहोत, हे ठरवायला हवे. साठवलेली ठेव, दरसालची आवक आणि तेलाशिवाय कमावण्याची क्षमता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आखाताविषयीच्या बहुतेक गप्पांत त्यांची सरमिसळ होते. ठेवीच्या कसोटीवर कुवेत पहिल्या रांगेत बसतो, आवकीच्या कसोटीवर मधल्या आणि क्षमतेच्या कसोटीवर बराच मागे. या लेखाचे म्हणणे असे की हे तीन क्रमांक एकमेकांपासून सुटे नाहीत. पहिल्या क्रमांकाने तिसऱ्याला जन्म दिला आहे.

मोजायचे कशाने

दरडोई उत्पन्न हे सर्वांत सोपे माप, आणि आखातात सर्वांत फसवे. २०२४ च्या आसपासचे ढोबळ आकडे असे: कतार ७५ हजार डॉलरांच्या घरात, संयुक्त अरब अमिराती ५० हजारांच्या आगेमागे, सौदी अरेबिया आणि कुवेत ३० ते ३५ हजारांच्या दरम्यान, बहरीन ३० हजारांच्या जवळपास, ओमान २० हजार आणि उत्तरेचा शेजारी इराक जेमतेम ६ हजार. पण हा भागाकार ज्या डोक्यांनी होतो, त्यांतली बहुतेक डोकी त्या देशाची नागरिक नाहीत. कुवेतच्या सुमारे ४९ लाख वस्तीत कुवेती फक्त ३० टक्क्यांच्या आसपास. कतार आणि अमिरातीत नागरिक दहा-बारा टक्के. सौदीत २०२२ च्या जनगणनेप्रमाणे ५८ टक्के. कुवेतमधल्या फाहाहीलला एका खोलीत चौघांबरोबर राहणारा वेल्डर आणि सालमियातल्या टॉवरचा मालक या दोघांची सरासरी काढून हाती काय लागणार? शिवाय नागरिकांचे प्रमाण प्रत्येक देशात वेगळे असल्याने देशादेशांतली तुलनाही तिरकी होते.

त्यापेक्षा दर नागरिकामागे रोज किती बॅरल तेल निघते, हे पाहावे. कुवेत रोज २४-२५ लाख बॅरल काढतो आणि कुवेती नागरिक साधारण साडेपंधरा लाख आहेत. म्हणजे माणशी दीड बॅरलहून अधिक. सौदीचे उत्पादन ९० लाखांच्या घरात, पण नागरिक पावणेदोन कोटींहून जास्त. माणशी अर्धा बॅरल. ओमानमध्ये एक तृतीयांश, बहरीनमध्ये पाव बॅरलच्या जरासे वर, इराकमध्ये एक दशांशही नाही. अमिरातीची सरासरी कुवेतच्याही पुढे जाते, परंतु ते तेल जवळपास सगळे अबुधाबीचे आहे. दुबईच्या वाट्याला आता नावापुरतेच उरले आहे. कतारचे खरे धन वायू, तो बॅरलांच्या या मापात बसत नाही.

पुढचे सगळे विवेचन या आकड्यांवर उभे आहे. माणशी दीड बॅरल असलेल्या राज्याला आपल्या प्रत्येक नागरिकाला सरकारी पगारावर ठेवणे परवडते. अर्ध्या बॅरलवर ते परवडत नाही, पाव बॅरलवर तर विचारच करायला नको. सौदीने, ओमानने, दुबईने जे बदल केले, त्यांत दूरदृष्टी होतीच. पण त्याआधी हा साधा भागाकार होता.

आणखी एक भ्रम इथेच दूर केलेला बरा. कुवेती दिनार हे जगातले सर्वांत महाग चलन आहे. एका दिनारला आज २८० रुपयांहून अधिक मोजावे लागतात. आपल्याकडे गावी आलेला कुवेतवाला हे जरा ऐटीतच सांगतो. मात्र या महागाईचा श्रीमंतीशी संबंध थोडाच. १९६१ मध्ये कुवेतने स्वतःचे नाणे काढले, तेव्हा एक दिनार म्हणजे एक ब्रिटिश पौंड, हे प्रमाण धरले. तोवर तिथे आपला रुपया चालत होता, शेवटी तर रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून आखातासाठी खास छापलेल्या नोटा. त्यांच्या बदली १३ रुपये ५ आणे ४ पैला एक दिनार मिळाला. मोठे एकक निवडले म्हणून नाणे महाग दिसते. शेजारच्या बहुतेकांनी आपली चलने थेट डॉलरला बांधली. कुवेतने २००३ ते २००७ हा काळ सोडला तर आपले चलन अनेक चलनांच्या गुप्त मिश्रणाला बांधले. ते शहाणपण खरे, पण ते मध्यवर्ती बँकेचे. त्यावरून देशाच्या कमाईचा अंदाज बांधता येत नाही.

आधी निघालेला

आज दुबई-दोहाकडे पाहणाऱ्या पिढीला सांगूनही पटत नाही, की विसाव्या शतकाच्या मध्यावर आखातातला सर्वांत पुढारलेला देश कुवेत होता. मोती आणि खजूर-लाकडाच्या व्यापारावर जगणारे हे बंदर. त्याची गलबते बसऱ्याचा खजूर घेऊन मुंबई-मलबारपर्यंत येत आणि सागवान घेऊन परतत. मुंबईत कुवेती व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. जपानी कृत्रिम मोती आणि १९२९ नंतरची मंदी यांनी मोत्यांचा धंदा बसवला. १९३८ मध्ये बुरगानला तेल लागले. युद्धामुळे थांबून पहिले जहाज भरले ते १९४६ च्या जूनमध्ये.

पुढची पंधरा-वीस वर्षे विलक्षण आहेत. १९५२ मध्ये आखातातली पहिली स्थानिक बँक, नॅशनल बँक ऑफ कुवेत. १९५३ मध्ये लंडनमध्ये कुवेत गुंतवणूक मंडळ: जगातला पहिला सार्वभौम गुंतवणूक निधी, आणि तोही देश स्वतंत्र होण्याच्या आठ वर्षे आधी. १९६१ मध्ये स्वातंत्र्य, त्याच वर्षाच्या अखेरीस इतर अरब देशांना कर्ज देणारा विकास निधी. १९६२ मध्ये लिखित राज्यघटना, १९६३ मध्ये निवडून आलेली संसद. दुबईची खाडी गाळ काढून मोठ्या गलबतांना खुली केली गेली, ती कुवेतने दिलेल्या कर्जाच्या आधाराने. आणि दुबई-शारजातल्या सुरुवातीच्या शाळा-दवाखान्यांवर कुवेतची पाटी होती. ज्या खाडीने दुबईला व्यापारी शहर बनवले, तिच्यात कुवेतचा पैसा आहे, ही गोष्ट दुबईच्या कौतुकात सहसा येत नाही.

१९७२ मध्ये कुवेतचे उत्पादन रोजचे सुमारे ३३ लाख बॅरल होते. त्याच वर्षी सरकारने, साठा जपायचा म्हणून, त्याला ३० लाखांची मर्यादा घातली. १९७५ पर्यंत तेल कंपनी पूर्णपणे राष्ट्राची झाली. १९७६ मध्ये भावी पिढ्यांचा निधी कायद्याने स्थापन झाला: दरसालच्या उत्पन्नातले १० टक्के बाजूला काढायचे आणि त्याला हात लावायचा नाही. इतका संयम त्या काळात नॉर्वेलाही सुचला नव्हता; त्यांचा निधी १९९० चा. १९८० च्या दशकाच्या मध्यावर अशीही वेळ आली, की कुवेतचे गुंतवणुकीचे उत्पन्न तेलाच्या उत्पन्नाला मागे टाकत होते.

आणि या ठेवीने एकदा देश वाचवला, हे नाकारून चालणार नाही. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा शिरल्या. सात महिने देश नकाशावरून पुसलेला होता, सहाशेहून अधिक विहिरी पेटवून दिलेल्या होत्या, आणि तरीही परागंदा सरकार निर्वासित कुवेतींना पैसे पुरवत होते, युद्धाच्या खर्चातला वाटा उचलत होते आणि नंतर पुनर्बांधणी करू शकले. तिजोरी लंडनला होती, म्हणून. (त्याच महिन्यांत अम्मानहून मुंबईला एअर इंडियाच्या विमानांनी १ लाख ७० हजारांहून अधिक भारतीय परत आणले गेले. आपल्या लोकांची ठेव मात्र कुवेतच्या बँकांत होती, आणि सुटून येताना बहुतेकांच्या हाती एक बॅग होती.) राखीव निधी कशासाठी असतो, या प्रश्नाला १९९० इतके रोखठोक उत्तर दुसऱ्या कोणत्याही देशाच्या इतिहासात सापडणार नाही.

वाटपाची रीत

तेलाचा पैसा सरकारकडे येतो. तो नागरिकांपर्यंत पोहोचवायचा कसा? अमीर अब्दुल्ला अल-सालिम यांच्या काळात, पन्नाशीच्या दशकात, सरकारने जुन्या शहरातल्या जमिनी भरमसाट भावाने विकत घेतल्या आणि पुष्कळशा पुन्हा स्वस्तात विकल्या. व्यापारी घराणी त्यातून मोठी झाली. सामान्य नागरिकासाठी दुसरा रस्ता होता: सरकारी नोकरी. घटनेच्या ४१ व्या कलमात काम करण्याचा हक्क आहे आणि काम उपलब्ध करून देण्याची जबाबदारी राज्यावर टाकलेली आहे. तिचा व्यवहारातला अर्थ असा झाला, की पदवी घेतलेल्या कुवेतीला कुठल्या ना कुठल्या खात्यात खुर्ची मिळते. आज नोकरी करणाऱ्या कुवेतींपैकी दहातले आठ सरकारी सेवेत आहेत. खाजगी क्षेत्रात जाणाऱ्यालाही सरकार पगारात भर घालून देते, म्हणजे तिथेही अर्धा मालक सरकारच.

पगार आणि अनुदाने मिळून अर्थसंकल्पाचा सुमारे चार पंचमांश भाग खातात. अनुदानांत सर्वांत बोलके उदाहरण विजेचे. नागरिकांच्या घरांसाठी युनिटला २ फिल्स हा दर १९६६ पासून बदललेला नाही. आपल्या पैशांत साठ पैशांच्याही आत. तयार करायला याच्या दहापटींहून अधिक खर्च येतो. पन्नास अंशांच्या उन्हाळ्यात वातानुकूलन ही चैन नव्हे, हे मान्य. पण दर इतका नाममात्र असल्यावर खिडकी उघडी आहे की बंद, हे पाहायला कोण उठेल?

या व्यवस्थेला आळशीपणाचे फळ म्हणणारे पुष्कळ भेटतात, विशेषतः तिथे राबणाऱ्या आपल्या लोकांत. मला ते निदान वरवरचे वाटते. कुवेती तरुण जे करतो, ते त्याच्या जागी कोणीही केले असते. सरकारी कचेरीत दुपारी दोनला सुट्टी, पगार दीडपट, नोकरी जाण्याची भीती नाही. खाजगी कंपनीत त्याच कामाला एक तृतीयांश पगारावर केरळचा किंवा कोकणातला पदवीधर तयार. अशा बाजारात उद्योजक व्हायला विशेष हौस लागते. हौशी लोक निघालेही. १९८३ मध्ये सुरू झालेली कुवेतची मोबाइल कंपनी पुढे झेन या नावाने आफ्रिकाभर पसरली आणि तिचा आफ्रिकेतला पसारा २०१० मध्ये आपल्या भारती एअरटेलने १०.७ अब्ज डॉलरला घेतला. घरपोच जेवण पोहोचवणारे तलबात २००४ मध्ये कुवेतमध्येच जन्मले. मात्र वाढल्यावर त्याचे मुख्यालय दुबईला गेले आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्याचे समभाग आले तेही दुबईच्या बाजारात. कल्पना आणि पहिले ग्राहक कुवेतने दिले. नोकऱ्या, भाडी आणि बाजाराची उलाढाल दुबईने नेली.

तेलेतर अर्थव्यवस्थेचा वाटा किती, या आकड्यानेही म्हणून फसू नये. कुवेतमध्येही राष्ट्रीय उत्पन्नाचा निम्म्याच्या आसपासचा भाग 'तेलेतर' आहे. त्यात सरकारी पगार, त्या पगारांवर चालणारे मॉल, त्याच पगारांच्या तारणावर कर्ज देणाऱ्या बँका मोडतात. तेल थांबले तर हे तेलेतरही थांबेल. अमिरातीतला तेलेतर भाग तीन चतुर्थांश आहे आणि त्यातला पुष्कळसा बाहेरच्या गिऱ्हाइकाला काहीतरी विकून येतो: जबल अलीचे बंदर, १९८५ चा तिथला मुक्त विभाग, त्याच वर्षी भाड्याच्या विमानांवर सुरू झालेली एमिरेट्स. टक्केवारीतल्या फरकापेक्षा विकत घेणारा कोण, हा फरक मोठा आहे.

शेजाऱ्यांना काय भाग पाडले

दुबईचे तेल १९६६ मध्ये सापडले आणि फार नाही, हे लवकरच कळले. तिथल्या राज्यकर्त्यांना दुसरा मार्गच नव्हता. त्यांनी उधारीवर शहर बांधले आणि ती उधारी २००९ मध्ये अंगावर आली; डिसेंबरात अबुधाबीने १० अब्ज डॉलर दिले तेव्हा सुटका झाली. ही बाजू विसरून दुबईचा कित्ता गिरवायला सांगणे धोक्याचे आहे. अबुधाबीसारखा थोरला भाऊ प्रत्येकाला नसतो.

ओमानची गोष्ट मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते. २०२० मध्ये सुलतान हैथम गादीवर आले, तेव्हा कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन तृतीयांशांवर गेले होते आणि तेलाचे भाव कोसळले होते. ओमानने २०२१ मध्ये मूल्यवर्धित कर लावला, खर्च आवरला आणि २०२२ ला भाव चढल्यावर आलेला पैसा वाटून न टाकता कर्ज फेडले. चार वर्षांत कर्ज जवळजवळ निम्म्यावर आले. २०२५ मध्ये तर ४२ हजार रियालांवरच्या वार्षिक उत्पन्नाला ५ टक्के वैयक्तिक प्राप्तिकराचा कायदा केला, लागू २०२८ पासून. आखातात प्राप्तिकर! श्रीमंत मूठभरांनाच तो लागेल, वसूलही फारसा होणार नाही. पण राज्य आणि नागरिक यांच्यातल्या व्यवहाराची दिशा त्याने बदलते.

गरज पडली की सुधारणा होतेच, असा सिद्धांत मात्र यावरून काढू नये. बहरीनमध्ये आखातातले पहिले तेल १९३२ मध्ये निघाले आणि सर्वांत आधी सरत आले. गरज तिथे सर्वांत जास्त. मूल्यवर्धित कर आला, २०२२ मध्ये दुप्पट होऊन १० टक्के झाला, बँकिंग आणि ॲल्युमिनियम वाढले. तरीही कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या सव्वापटीच्या पुढे आहे. २०१८ मध्ये सौदी, अमिराती आणि कुवेत यांनी मिळून १० अब्ज डॉलरचा टेकू दिला नसता तर चलन सावरणे कठीण होते. मदत मिळण्याची खात्री असली की निकड बोथट होते. बहरीनला ती खात्री शेजाऱ्यांकडून मिळते आणि कुवेतला स्वतःच्याच ठेवीकडून. माझ्या मते दोघांचे दुखणे एकाच जातीचे आहे, जरी एक ऋणको आणि दुसरा धनको असला तरी.

सौदी अरेबियाने २०१६ मध्ये आपली २०३० ची योजना जाहीर केली. २०१४ मध्ये नगण्य असलेले कर्ज आता राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या जवळ आहे, वाळवंटातल्या काही अचाट शहरांना कात्री लागली आहे. पण स्त्रिया मोठ्या संख्येने कामावर आल्या आणि १५ टक्के मूल्यवर्धित कर लोकांनी पचवला. कतारने १९९० च्या दशकात कर्ज काढून वायू द्रवरूप करण्याचे कारखाने उभारले. तोच वायू २००४ पासून दहेजला उतरतो आहे. शेजाऱ्यांनी केलेल्या २०१७ च्या नाकेबंदीत ठेवीतून बँकांना टेकू देऊन तो देश तरलाही. कतारमध्येही नागरिक सरकारी नोकरीतच आहेत. तीन लाखांच्या आसपास नागरिक आणि पायाखाली जगातले सर्वांत मोठे वायुक्षेत्र असल्यावर ते निभते.

कुवेतने मूल्यवर्धित कर अजून लावलेला नाही. २०२५ पासून मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर किमान १५ टक्के कर बसवला, तो जागतिक कराराच्या रेट्याने. राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा पाहा: २०१२-१३ मध्ये १७० अब्ज डॉलरांच्या पुढे आणि २०२४ मध्ये १६० अब्जांच्या आसपास. तेलाचा भाव मधल्या काळात उतरला हे खरे, पण तो अमिरातीसाठीही उतरला होता, आणि त्यांचे उत्पन्न त्याच काळात ४०० अब्जांच्या आतून ५३० अब्जांच्या वर गेले.

दोष संसदेचा?

आखातात याचे ठरलेले उत्तर आहे: कुवेतची संसद. २००६ ते २०२४ या अठरा वर्षांत तिथे अकरा निवडणुका झाल्या, त्यांतल्या तीन न्यायालयाने रद्द ठरवल्या. उत्तरेकडच्या तेलक्षेत्रांत परदेशी कंपन्या आणण्याचा प्रकल्प वर्षानुवर्षे लटकला. २००८ च्या डिसेंबरात डाऊ केमिकलबरोबरचा १७.४ अब्ज डॉलरचा करार संसदेच्या विरोधाच्या धसक्याने सरकारने ऐन वेळी मोडला आणि त्यापायी पुढे लवादाच्या निवाड्याने दोन अब्जांहून अधिक भरपाई मोजली. २०१६ मध्ये पेट्रोलचे दर वाढवले, तर त्या वादात संसदच विसर्जित झाली. सदस्य लोकांची खाजगी कर्जे माफ करण्याची मागणी करत आणि सरकारला मात्र कर्ज काढू देत नसत.

आरोपात तथ्य आहे, पण अर्धे. याच संसदेने सत्तरच्या दशकात तेल कंपन्यांशी ताठर भूमिका घेऊन राष्ट्रीयीकरण घडवले; गुंतवणूक निधीच्या हिशेबांवर प्रश्न विचारणारे आखातात दुसरे कोणी नव्हतेच. १९८२ मध्ये सूक अल-मनाख हा बेकायदा शेअरबाजार कोसळला, पुढच्या तारखांचे ९४ अब्ज डॉलरचे धनादेश पडून राहिले. तो खेळ खेळणारे संसदेने नेमलेले नव्हते. आणि मुख्य म्हणजे, सदस्य जे मागत होते ते मतदारांना हवे होते. नागरिकाचा राज्याशी एकमेव आर्थिक संबंध पगार आणि अनुदान हाच असेल, तर त्याचा प्रतिनिधी पगार आणि अनुदानच मागणार.

आता या तर्काची प्रत्यक्ष परीक्षा चालू आहे. १० मे २०२४ ला अमीर शेख मिशाल यांनी संसद विसर्जित करून घटनेची काही कलमे चार वर्षांपर्यंत स्थगित केली. तेव्हापासून निर्णय भराभर झाले: कर्जाचा कायदा झाला, वीजप्रकल्पाचे करार सुटले. पण विजेचा घरगुती दर, मूल्यवर्धित कर, सरकारी भरती या तीन गाठींना आडकाठी करायला संसद नसतानाही हात लागलेला नाही. निदान या लेखाच्या वेळेपर्यंत तरी. संसदेमुळे गाडा अडत होता. तो चढावर होता हे वेगळेच.

वीज आणि वाट

श्रीमंत देशात काय दिसणार नाही असे वाटते, ते जून २०२४ मध्ये कुवेतने पाहिले: वेळापत्रक लावून भारनियमन. आपल्याला त्यात नवल नाही. बुरगानसारखे जगातले दुसऱ्या क्रमांकाचे तेलक्षेत्र असलेल्या देशाला मात्र ते लागले. कारण साधे आहे. अल-झूर उत्तर या वीजकेंद्राचा खाजगी भागीदारीतला पहिला टप्पा २०१६ मध्ये चालू झाला आणि दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यांचा करार सही व्हायला २०२५ उजाडले. मधल्या नऊ वर्षांत मागणी थांबली नव्हती. वायू तर २००९ पासून आयातच करावा लागतो, आणि दीर्घ मुदतीचा पुरवठा कतारकडून. पैसा होता, इंधन जमिनीत होते, निविदा निघत नव्हती. २०१९ मध्ये ३६ किलोमीटरचा शेख जाबेर पूल खुला झाला. तो ज्या सुबियाला जातो, तिथे उभे राहायचे रेशीमनगर अजून आराखड्यातच आहे.

दुसरी मर्यादा भूगोलाची, आणि हिच्यात कुवेतचा दोष नाही. अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा किंचित मोठा असा हा देश आखाताच्या अगदी टोकाला आहे. त्याचे तेल होर्मुझच्या सामुद्रधुनीतूनच बाहेर पडते. सौदीला तांबड्या समुद्रावरच्या यांबूपर्यंतची नळवाहिनी आहे, अमिरातीला २०१२ पासून फुजैरापर्यंतची, ओमानची बंदरे तर बाहेरच. कतार आणि बहरीन कुवेतच्याच पंगतीत. बुबियान बेटावर मुबारक अल-कबीर बंदर बांधायला काढले, तर समोर इराक फावचे महाबंदर बांधतो आहे आणि खोर अब्दुल्लाच्या जलमार्गाचा २०१२ चा करार इराकच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्दबातल ठरवला. व्यापाराचे केंद्र व्हायचे स्वप्न पाहणाऱ्याला शेजारही तसा लागतो. दुबईसमोर गिऱ्हाईक होते, कुवेतसमोर बसरा आहे. म्हणून कुवेतने परदेशात ठेव ठेवणे हे, त्याच्या जागेवरून पाहिले तर, भित्रेपणा नसून हिशेब होता.

महाराष्ट्राला या तुलनेत कशाला रस असावा? रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशांत सर्वांत मोठा वाटा, २०.५ टक्के, महाराष्ट्राचा निघाला. देशात आलेल्या एकूण रकमेत कुवेतमधून ३.९ टक्के आले, अमिरातीतून १९.२. कुवेतमध्ये जवळपास दहा लाख भारतीय असताना! २०१६-१७ च्या पाहणीत कुवेतचा वाटा साडेपाच टक्के होता. अमेरिकेचा वाटा वाढल्याने सगळ्या आखाताचाच घटला आहे, हे लक्षात ठेवूनही अंतर बोलके आहे. अमिराती दहा वर्षांचा सोनेरी व्हिसा देऊन डॉक्टर-अभियंत्याला घर घ्यायला सांगते. कुवेतने २०२४ मध्ये कुटुंब आणायची पगाराची अट ५०० वरून ८०० दिनारांवर नेली. अहमदीतला तेलकंपनीचा मराठी अभियंता म्हणूनच अकामा (निवास परवाना) वाढवत राहतो आणि घर पुण्यात घेतो. त्याची बचत कुवेतच्या बाजारात फिरत नाही, याचा तोटा कुवेतलाही आहेच.

तिसरे दार

२०२० मध्ये तेल कोसळले, तेव्हा एक विचित्र प्रसंग घडला. भावी पिढ्यांचा निधी भरलेला होता, पण कायद्याने बंद. रोजच्या खर्चाचा सर्वसाधारण राखीव निधी तळाला गेलेला. कर्ज काढण्याचा कायदा २०१७ च्या ऑक्टोबरात संपलेला आणि संसद नवा होऊ देत नव्हती. ऑगस्टमध्ये अर्थमंत्री बराक अल-शीतान यांनी सांगितले, की ऑक्टोबरनंतरच्या पगारांना रोकड पुरणार नाही. अखेर एका निधीतल्या मालमत्ता दुसऱ्या निधीला विकून पगार झाले आणि दरसालची १० टक्क्यांची बचत तुटीच्या वर्षांत न करण्याचा कायदा झाला. त्या वर्षाची तूट १०.८ अब्ज दिनार, विक्रमी. २०२२-२३ मध्ये भाव चढून ६.४ अब्जांची शिल्लक पडली, तशी घाई ओसरली.

पहिले दार तेलाचे, दुसरे राखीव निधीचे. मार्च २०२५ च्या हुकुमाने तिसरे उघडले: ३० अब्ज दिनारांपर्यंत कर्ज. ऑक्टोबरमध्ये ११.२५ अब्ज डॉलरचे रोखे विकलेही गेले, २०१७ नंतर पहिल्यांदा, आणि गुंतवणूकदारांनी ते आनंदाने घेतले. घेणारच. हुकूम निघाला तेव्हा कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम तीन टक्के आणि पाठीशी एवढी मोठी ठेव, असा ऋणको जगात दुसरा नाही. ठेवीवर मिळणारा परतावा रोख्यांवरच्या व्याजापेक्षा जास्त असेल, तर ठेव न मोडता कर्ज काढणे हिशेबाने योग्यच आहे. प्रश्न कर्जाच्या उपयोगाचा आहे. नव्या कायद्यात मुदत ५० वर्षांपर्यंत नेण्याची मुभा आहे. म्हणजे १९७६ च्या कायद्याने ज्यांच्यासाठी दहा टक्के बाजूला ठेवले जात होते, त्यांच्यावरच या रोख्यांच्या फेडीची पाळी येईल. त्या पैशांतून वीजकेंद्र आणि बंदर उभे राहिले तर ती फेड त्यांना जड जाणार नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात अशा भांडवली कामांचा वाटा एकूण खर्चाच्या दहाव्या भागाच्या आतच आहे.